लातूरच्या गंजगोलाईतलं अत्तारचाचांचं दुकान: दाताचं औषध मागा, आधी विचारतात ‘कुणाचा दात?’

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कशापायी कापला ते खाली लिहिलंय. लातुरात काष्ठौषधीची दुकानं कमी नाहीत, गोलाईला, म्हणजे मधल्या गोल बाजारपेठेला, येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांतल्या कोणत्याही रस्त्याला लागा, किराणा-भुसारच्या मधीमधी एखादं तरी सापडतंच, तरी आमच्या घरचे सगळे ह्याच एका दुकानात जातात आणि त्याला कारण आहे. दुकानाला धड पाटी नाही, सगळे नुसतं अत्तारचाचांचं दुकान म्हणतात म्हणून मीपण तेवढंच लिहिते. गोलाईत देवळाच्या आसपास कुणालाही विचारा, दाखवतील. बाहेर दात घासायच्या मिसवाकच्या काड्यांचे जुडगे टांगलेले असतात आणि आत छतापर्यंत डबे.

मी नीटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या, पोरांना बायोलॉजी शिकवते आणि सासरे शेतकरी आहेत, देवणी तालुक्यात शेती, दावणीला देवणी बैल, त्यातही वानेरा, म्हणजे अंग पांढरं अन् तोंड काळं. त्यामुळं आमच्या घरात दाताचा विषय कुठून निघंल काही सांगता येत नाही, आज मुलाची अक्कलदाढ, उद्या बैलाचे दात, परवा माझ्या एखाद्या विद्यार्थ्याचा प्रश्न की मॅडम पानाच्या कडेला दात का म्हणतात. हे सगळं घेऊन ज्याच्याकडं जाता येतं असं लातुरातलं माझ्या माहितीतलं एकमेव दुकान हे आहे, आणि इथं काही न विकता परत पाठवलेली माणसं मी जेवढी बघितली तेवढी दुसरीकडं कुठंच बघितली नाहीत. मला ह्या दुकानाची सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

आधी ज्या मालासाठी आम्ही नेहमी जातो त्याचं सांगते, दंतमंजन. हे तयार डबीत मिळत नाही, तुमच्यासमोर बनतं. बाभळीची साल, बकुळीची साल, वज्रदंती, माजूफळ, लवंग, उलुसं सैंधव आणि अगदी चिमूटभर तुरटी. हे सगळं कुटून वस्त्रगाळ करतात, म्हणजे खरोखरच पातळ कापडातून गाळतात, आणि गाळल्यावर जे कापडावर राहतं ते परत कुटत बसत नाहीत, फेकून देतात. दोन बोटांच्या चिमटीत घेऊन चोळून बघा, मैद्यासारखं लागतं, कुठंच कचकच नाही. हे फार महत्त्वाचं आहे बरं का. दाताचं वरचं कवच, एनॅमल, आपल्या शरीरातली सगळ्यात टणक गोष्ट आहे पण ते एकदा झिजलं की परत तयार होत नाही, कारण ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपून गेलेल्या असतात. हाड मोडलं तर सांधतं, कातडी फाटली तर भरून येते, एनॅमलचं तसं नाही. मग विटकरीची भुकटी, कोळसा, जाडीभरडी राखुंडी घेऊन खसाखसा घासणाऱ्या माणसाचे दात सुरुवातीला पांढरे दिसतात आणि नंतर गार पाणी लागलं की कळ मस्तकात जाते. चाचा मंजन देताना दरवेळी सांगतात, बोटानं लावा, हिरडीवर फिरवा, घासू नका. आणि पेस्ट बंद करा असं ते कधीच म्हणाले नाहीत, रात्री ब्रश-पेस्ट आणि सकाळी मंजन असं त्यांनीच सांगितलं.

रिझल्ट काय म्हणाल तर मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या हिरडीतून रक्त यायचं ते बऱ्यापैकी कमी झालं, तोंडाचा वास कमी झाला. दात पांढरे झाले का? नाही झाले, आणि होतील असं चाचांनी सांगितलंही नव्हतं. ह्या सालींत टॅनिन असतं, त्याच्यामुळंच चव तुरट लागते अन् हिरडी आवळल्यासारखी वाटते, तेवढंच त्यांचं काम. दाताला चिकटलेलं कीटण मंजनानं निघत नाही, ते डेंटिस्टकडूनच काढून घ्यावं लागतं, आणि चाचांनी मामांनाही आधी तिकडंच पाठवलं होतं, ‘पहिलं साफ करून घ्या, मंग मंजन न्या’ म्हणून.

माजूफळाबद्दल दोन ओळी लिहिते कारण पोरांना सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. नावात फळ आहे पण ते फळ नाही. ओक नावाच्या झाडावर एक बारीक गांधीलमाशीच्या जातीचा किडा अंडं घालतो, आणि झाड त्या जागी गाठ तयार करतं, ती वाळलेली गाठ म्हणजे माजूफळ. चांगल्या माजूफळाला भोक नसतं, भोक असलं म्हणजे किडा बाहेर पडून गेला, असा माल हलका धरतात. चाचा एकेक दाणा फिरवून बघतात आणि भोकाचे बाजूला काढतात. वज्रदंती म्हणजे आपली पिवळी कोरांटी, आबोलीच्या कुळातली, पानांच्या बेचक्यात काटे असलेली, आपल्याकडं कुंपणाला असते बघा. ती ते पाल्यासकट वाळवलेली ठेवतात, त्यामुळं काटे बघून ओळखता येते.

आता मुद्द्याचं. मी एकदा मंजन कुटून व्हायची वाट बघत उभी होते तर एक कॉलेजचा पोरगा आला, गालावर सूज, आणि म्हणाला ‘चाचा, दंतीमूळ द्या पन्नास ग्रॅम.’ चाचांनी विचारलं, कशाला? तर त्यानं मोबाईल काढून कुठलातरी व्हिडिओ दाखवला, त्यात सांगितलं होतं दाढदुखीवर दंती चावून धरा. व्हिडिओवाल्याला बहुतेक वज्रदंती म्हणायचं असंल, नाहीतर नावात दंत बघून त्यानं आपल्या मनानंच ठोकून दिलं असंल. चाचांनी डबा काढलाच नाही. म्हणाले, ‘बेटा, कुणाचा दात? हे दाताचं औषध नाही, हे पोट साफ करायचं आहे, ते पण लै जोरात. तू हे चावून गिळलास तर संध्याकाळपर्यंत सलाईन लागंल.’ आणि त्याला एक लवंग दिली दाढेखाली धरायला, पैसे घेतले नाहीत, अन् डेंटिस्टकडं आजच जा म्हणाले, गालावर सूज आली म्हणजे आत पू असू शकतो, थांबायचं काम नाही.

हे किती बरोबर होतं ते मला घरी येऊन पुस्तकं चाळल्यावर अजून पटलं. दंती ही एरंडाच्या कुळातली वनस्पती, बॅलिओस्पर्मम, खालची पानं मोठी आणि कडा दातेरी. तिचं मूळ तीव्र रेचक आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात तिच्यावर आणि द्रवंती नावाच्या दुसऱ्या वनस्पतीवर मिळून एक अख्खा अध्याय आहे, बारावा, आणि त्यात कोणतं मूळ घ्यावं हे सांगताना हत्तीच्या दातासारखं म्हटलंय. म्हणजे ह्या मुळातला दात आहे तो हत्तीचा, तोसुद्धा फक्त दिसण्यापुरता, आणि औषध आहे पोटाचं. मूळव्याधीवर वैद्य जे दंत्यरिष्ट देतात त्यातली दंती हीच. आणि हे मूळ तसंच कच्चं वापरत नाहीत, त्याला पिंपळी आणि मधाचा लेप द्यायचा, कुश गवतात गुंडाळायचं, वरून माती लिंपायची, शिजवायचं, मग उन्हात वाळवायचं, तेव्हा त्याचा तीव्रपणा कमी होतो असं शास्त्रात दिलंय. इतकं सगळं ज्या मुळाला करावं लागतं ते पन्नास ग्रॅम पुडीत बांधून सुजलेल्या गालाच्या पोराच्या हातात देणारी दुकानं आहेत, म्हणून हे लिहायला बसले. चाचा दंतीमूळ विकतात, पण फक्त वैद्याची चिठ्ठी असंल तर, आणि चिठ्ठीवर किती लिहिलंय ते बघून तेवढंच.

जनावरांचंही तसंच. आमच्या भावजींनी हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून एक बैल आणला. तिथं दात बघूनच व्यवहार ठरतो हे आपल्या भागात सगळ्यांना माहिती आहे, आदत म्हणजे अजून दुधाचेच दात, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे आले की जुळला. साधारण दोन-अडीच वर्षाला पक्क्या दातांची पहिली जोडी येते अन् साडेचार-पाच वर्षापर्यंत तोंड जुळतं, जात आणि चाऱ्यावर थोडं मागंपुढं. बैल चारदाती होता, दिसायला एक नंबर, पण घरी आणल्यावर भावजींनी तोंड उघडून बोट लावलं तर पुढचे दात हलायले. झालं, कुणीतरी सांगितलं ह्याला हिरडीचा रोग आहे, फसवलं तुम्हाला, जडीबुटी चारा. ते सगळं ऐकून भावजी चाचांकडं. चाचांनी विचारलं, चारा खातोय का? रवंथ करतोय का? लाळ गळतीय का? तोंडाला वास? भावजी म्हणाले खातोय चांगला, बाकी काहीच नाही. तर चाचा म्हणाले, ‘मंग काही देत नाही. बैलाचे पुढचे दात उलुसे हलतेच असतेत. माणसाचे हलले तर बिघडलंय, बैलाचे हलले तर बिघडलं नाही.’

शंभर टक्के बरोबर. गाय-बैलाला वरच्या जबड्यात पुढं दातच नसतात, तिथं हिरडीचा जाड टणक पट्टा असतो आणि खालचे आठ दात त्याच्यावर टेकतात. खालचे दात खिळल्यासारखे घट्ट असते तर वरचा पट्टा रोज जखमी झाला असता, म्हणून ते खाचेत थोडे सैल बसलेले असतात. गवत तोडायला जीभ, पट्टा आणि खालचे दात, आणि दळायला मागं दाढा चोवीस. आठ आणि चोवीस बत्तीस, आकडा माणसाइतकाच आणि रचना सगळी वेगळी. हे मी वर्गात शिकवते पण हलतात हे शिकवत नव्हते, आता शिकवते. चाचांनी एवढंही सांगितलं की अर्धवट चावलेला चारा तोंडातून गोळे होऊन पडायला लागला किंवा गाल फुगला तर मात्र जनावराच्या डॉक्टरला दाखवा, उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, तिकडं न्या, माझ्याकडं येऊ नका.

बकरी ईदच्या आधी ह्या दुकानात बसलं तर अजून वेगळं ऐकायला मिळतं. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पूर्ण झालेला लागतो आणि ते वय दातावरूनच बघतात, दोनदाती झाला का. लोक बोकड घेऊन थेट दुकानासमोर उभे राहतात अन् चाचा पायरीवरूनच खालचा ओठ खाली ओढून बघून सांगतात. ह्याचे पैसे नाहीत.

आणि हत्ती. इथं मी स्वतः ऐकलेला प्रसंग आहे, एक चांगले कपडे घातलेले गृहस्थ आले आणि हळूच विचारलं, हस्तिदंत मिळंल का, केसाला लावायला भस्म करायचंय. जुन्या ग्रंथांत टक्कल पडल्यावर हस्तिदंत जाळून केलेली मषी लावायला सांगितलीय हे खरं आहे, ते काही त्यांनी मनानं काढलेलं नव्हतं. पण चाचांचा आवाज एकदम बदलला. म्हणाले साहेब, हे माझ्या दुकानात मिळणार नाही, आणि जो कुणी देतो म्हणंल तो एकतर जनावराचं हाड देईल नाहीतर तुम्हाला जेलमध्ये घालंल. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, १९८६ च्या दुरुस्तीनं आपल्याकडच्या हत्तीच्या दाताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं आफ्रिकेतल्या हत्तीच्याही. पुडीत असो का मूर्तीत, विकणं गुन्हाच. मला ह्यात अजून एक सांगावंसं वाटतं, आपण हत्तीचा सुळा म्हणतो पण शरीररचनेच्या हिशेबानं तो सुळा नाहीच, वरच्या जबड्यातला पटाशीचा दात आहे, जन्मभर वाढत राहणारा. खरा सुळा बघायचा तर रानडुकराचा, तोही वाढत राहतो आणि वरचा-खालचा एकमेकावर घासून धार लागते. हत्तीच्या दाढांचं तर ऐकून वाईट वाटतं, आयुष्यात एकामागून एक सहा वेळा दाढा येतात, मागून पुढं सरकत, आणि सहावी झिजली की म्हाताऱ्या हत्तीला चारा चावता येत नाही. असल्या जनावराचा दात केसासाठी मागायला जीभ कशी धजते.

जत्रेत, बाजारात दाताचे किडे काढणारे बसतात ते तुम्ही बघितले असतील. भुईरिंगणीचं बी निखाऱ्यावर टाकून नळीनं धुरी देतात आणि मग पाण्यात पांढरे बारीक किडे दाखवतात. ते किडे दातातले नसतात, बियांमधून निघालेले तुकडे असतात. दात किडतो तो तोंडातल्या जंतूंनी साखरेचं आम्ल केल्यामुळं, त्यात अळी कुठंच नाही. चाचांकडं रिंगणी आहे, दशमुळांत लागते, खोकल्याच्या काढ्याला लागते, पण दाताच्या धुरीसाठी कुणी मागितली की सरळ नाही म्हणतात. एका आजीबाईंना तर त्यांनी बी चिमटीत फोडून दाखवलं होतं, आतून काय निघतं ते.

ह्याच्यापेक्षा अवघड प्रश्न पिवळ्या-तपकिरी डागाचा. आपल्या मराठवाड्यात कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, नांदेडकडं तर हा त्रास फार जुना. पाण्यात लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड नको, पण आपल्याकडं बोअर खोल खोल चाललेत आणि पाणी कुणी तपासत नाही. लहानपणी, जबड्याच्या आत पक्के दात तयार होत असतानाच हे पाणी पोटात गेलं तर एनॅमल नीट बनत नाही, अन् दात येतो तोच पांढऱ्या रेघा नाहीतर तपकिरी डाग घेऊन. असल्या पोरीला घेऊन एक आई आली होती, लग्नाचं बघायलेत, डाग जायचं मंजन द्या. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मंजन विकायला ह्यापेक्षा सोपं गिऱ्हाईक कुठलं? चाचा म्हणाले, ‘ताई, हा डाग वर लागलेला नाही, दातासोबतच आलाय, घासून जाणार नाही, उलट झिजंल. दाताच्या डॉक्टरकडं ह्याच्यावर उपाय आहेत. आणि घरात अजून लहान लेकरं असतील तर बोअरचं पाणी आधी तपासा.’ ती बाई काही न घेता गेली. मला तिथं उभं राहून फार भरून आलं, खरं सांगते.

झाडांचे दात ह्या दुकानात मालाची पारख करायला कामी येतात. कडुनिंबाच्या नावाखाली बकाण निंबाचा पाला अन् साल खपवणारे असतात. बकाणाची फळं विषारी, तेव्हा अदलाबदल बरी नाही. दोन्हीच्या पानांच्या कडा दातेरी असल्यामुळं नुसते दात बघून फसायला होतं. चाचा एक फांदी उचलून दाखवतात, निंबाच्या देठाला दोन्ही बाजूंनी थेट पानं लागतात, कोयत्यासारखी वाकडी, बुडाशी एक बाजू लहान एक मोठी, आणि बकाणात त्या देठाला परत बारीक देठं फुटून मग पानं लागतात. वाळलेला चुरा असला तर ते घेतच नाहीत, कारण चुऱ्यात काहीच ओळखू येत नाही. माझ्या अकरावीच्या पोरांना मी एकदा ह्या दुकानात घेऊन गेले होते आणि पानाच्या कडेचे प्रकार जे पुस्तकात चार चित्रांत उरकलेत ते त्यांनी इथं हातात घेऊन बघितले, कोरफडीचे मऊ दात, घायपाताचे टोचणारे, जास्वंदीचे मोठे, निंबाचे बारीक. चाचांनी तासभर दुकान सोडून त्यांना दाखवलं, गिऱ्हाईक थांबलेलं असताना.

एकदा एक मावशी मानेच्या एक्सरेचा रिपोर्ट घेऊन आल्या होत्या, रिपोर्टमध्ये दाताचा उल्लेख होता आणि त्यांना वाटलं मानेत दात गेलाय. चाचांनी माझ्याकडं बोट केलं, ‘मॅडमला विचारा, मला ह्यातलं कळत नाही.’ मानेच्या दुसऱ्या मणक्याला वरच्या बाजूला दातासारखा एक उंचवटा असतो, त्याच्याभोवती पहिला मणका फिरतो म्हणून आपल्याला मान डावीउजवीकडं वळवता येते, आणि तो नीट दिसावा म्हणून एक्सरे तोंड उघडं ठेवून काढतात. रिपोर्टमध्ये तो ठीक आहे एवढंच लिहिलेलं होतं. मला त्यातलं कळत नाही असं गल्ल्यावर बसून, गिऱ्हाईकासमोर म्हणणारा दुकानदार मला मोलाचा वाटतो.

आता साप. हे नीट वाचा, पाऊस लागला की आपल्याकडं रोजचं आहे. सापाच्या दाताला ह्या दुकानात औषध नाही, आणि चाचा ते मोठ्यानं सांगतात. पूर्वी एकदा भर दुपारी चार माणसं एकाला उचलून थेट दुकानात घेऊन आली होती, पायाला घोणस चावलेली, कुठलीतरी मुळी उगाळून द्या म्हणून. चाचांनी दुकान उघडं टाकून रिक्षा थांबवली अन् स्वतः सोबत बसून सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत पाय हलवू दिला नाही, कापू दिलं नाही, दोरी आवळू दिली नाही. तो माणूस वाचला, अजून दसऱ्याला सोनं द्यायला येतो म्हणतात.

घोणसाचे विषदात लांब असतात, तोंड मिटलं की टाळूकडं घडी होतात आणि चावताना उभे राहतात, म्हणून जखम खोल जाते, आणि विषानं सूज येते, रक्त गोठत नाही. नागाचे आखूड आणि उभेच. मण्यारीचे इतके बारीक की रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावली तर सकाळी दाताची खूणसुद्धा कधीकधी सापडत नाही, दुखत नाही, सूज नाही, नुसतं पोट दुखायलंय म्हणतो, मग पापण्या मिटायला लागतात आणि मग श्वास. घरचे ॲसिडिटी समजून बसतात. म्हणून दाताचे वण शोधत बसू नका, वण दिसले नाहीत म्हणजे चावलं नाही असं होत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, ह्या चौघांवर मिळून आपल्याकडं एकच प्रतिविष चालतं, घोड्याच्या रक्तापासून बनवतात, मुंबईच्या हाफकिनमध्येही बनतं, आणि ते सलाईनमधून दवाखान्यातच देतात. चावायला-ओढायला-उगाळायला दुसरं काही नाही. गोलाईत येऊन वेळ घालवू नका, कुठल्याच दुकानात.

मिश्री. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ती काळी पूड आपल्या बायका हिरडीला लावतात, पहाटे उठून, गरोदरपणात पण, आणि तिला दाताचं औषध समजतात. माझ्या सासूबाई लावायच्या. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे तरी घरोघर तव्यावर चालूच आहे. चाचांकडं पूर्वी तंबाखू मिळायची, त्यांनी बंद केली, विक्री पडली तरी बंद केली. आत्याबाईंची, म्हणजे सासूबाईंची, सवय तोडायला त्यांनीच भाजलेला ओवा आणि लवंगेची पूड दिली होती, हाताला काहीतरी पाहिजे असतं ना सकाळी. सुटायला वेळ लागला पण सुटली. ज्यांच्या घरात कुणी मिश्री लावत असंल त्यांनी त्यांचं तोंड एकदा डॉक्टरला उघडून दाखवा, पांढरा नाहीतर लाल चट्टा बरा होत नसंल तर उद्यावर टाकू नका.

आता अर्धा स्टार. कुठल्याच पुडीवर काही लिहिलेलं नसतं. डब्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या उर्दूत आहेत, त्या चाचांना पाठ आहेत पण आपल्या हातात येते ती वर्तमानपत्राची नाहीतर साधी प्लॅस्टिकची पुडी, आत काय, कधी कुटलं, कुणासाठी, काहीच नाही. घरी दोन पुड्या शेजारी ठेवल्या की कुठली कुठली ते कळत नाही, आणि ज्या दुकानात नाव सारखं असलं की जीव जाऊ शकतो हे इतकं कळतं तिथं एवढी चूक राहायला नको. मी चाचांना म्हटलं, त्यांच्या नातवानं आता स्टिकर आणलेत पण गर्दीत लावायचं राहून जातं. तोपर्यंत तुम्हीच पेन घेऊन जा आणि समोरच पुडीवर नाव अन् तारीख लिहून घ्या. दुसरं, चाचा कधीकधी फार तोडून बोलतात, विशेषतः मोबाईल पुढं करून औषध मागणाऱ्यांना, नव्या माणसाला ते लागतं. आणि लवंगेचं तेल देताना ते कधी कधी खोबरेल तेलात मिसळायचं सांगायला विसरतात, निव्वळ तेल हिरडीला लागलं तर भाजतं, तेव्हा तुम्ही लक्षात ठेवा. लवंगेतलं जे युजेनॉल आहे तेच डेंटिस्ट झिंक ऑक्साईडमध्ये कालवून तात्पुरतं सिमेंट भरायला वापरतात, म्हणजे चीज चांगलीच आहे, पण थेंबाचं काम आहे.

भाव वाजवी आहेत, मंजनाची महिनाभर पुरणारी पुडी बाजारातल्या साध्या पेस्टच्या ट्यूबपेक्षा स्वस्तच पडते, अक्कलकरा मात्र महाग, कारण खरा अक्कलकरा मोरोक्को-अल्जेरियाकडून येतो. स्वस्तात देतो म्हणणाऱ्याकडं जिभेवर तुकडा ठेवून बघा, झिणझिण्या येऊन लाळ सुटली पाहिजे. युपीआय चालतं. शुक्रवारी दुपारी नमाजला बंद असतं, सणासुदीला गोलाईत गाडी नेऊ नका, लांब लावून चालत या. मंजन कुटायला अर्धा तास तरी लागतो तेवढा वेळ काढून जा, आणि वैद्याचं काही न्यायचं असंल तर चिठ्ठीचा फोटो नको, चिठ्ठीच न्या, फोटोवर दंती आणि वज्रदंतीतलं अर्ध नाव कापलेलं असलं तर ते देत नाहीत.